लायब्ररीचे रंग अ‍ॅपमध्ये गेल्यावर का उडतात

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या आयटी विभागातून एका मुलाचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "ताई, आमच्याकडे सॅपवर चालणारी सहा फिओरी अ‍ॅप्स आहेत. वजनकाट्याचा आकडा दाखवणारं एक कंट्रोल आणि दोन-तीन डायलॉग सहाही ठिकाणी कॉपी-पेस्ट केलेत. ते बाहेर काढून मी एक लायब्ररी केली. 'यूआय५ सर्व्ह'वर एकदम फक्कड दिसते. पण अ‍ॅपबरोबर बिल्ड केली की सगळे रंग गायब, कन्सोलमध्ये लायब्ररी.सीएसएसपुढे ४०४. त्यात साहेबांना कंपनीची स्वतःची थीमही हवी आहे. हे सगळं याच टूलने होईल की वेबपॅक आणू?"

वेबपॅक (जावास्क्रिप्टच्या फाइली एकत्र बांधणारं दुसरं टूल) आणू नकोस. तुझं काम याच यूआय५ टूलने होतं, आणि ४०४ चं, म्हणजे फाइल न सापडल्याचं, कारण बहुतेक एका शब्दात आहे. पण तो शब्द नुसता सांगितला तर महिन्याभराने दुसऱ्या ठिकाणी अडकशील, म्हणून जरा लांबण लावते. (कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहितेय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

यूआय५ म्हणजे वेब-अ‍ॅप बांधायचं सॅपचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क, फिओरी अ‍ॅप्स त्यावरच उभी असतात. त्याचं खुलं रूप, ओपनयूआय५, डिसेंबर २०१३ मध्ये अपाचे २.० परवान्याखाली खुलं झालं. नंतर कितीतरी वर्षं आम्ही लायब्ऱ्या ग्रंट या जुन्या टूलने बांधायचो. त्या ग्रंटफाइली मी सांभाळल्या आहेत, आणि त्यांची आठवण काढावी असं त्यांत काही नव्हतं. आता 'यूआय५' नावाची एकच कमांड आहे. प्रकल्पाच्या मुळाशी यूआय५.याम्ल ही सेटिंगची फाइल ठेवायची आणि त्यात प्रकार सांगायचा: अ‍ॅप्लिकेशन, लायब्ररी, थीम-लायब्ररी किंवा मॉड्यूल. पुढे काय काय करायचं हे टूल त्या प्रकारावरून ठरवतं. लायब्ररी म्हटलं की जावास्क्रिप्ट लहान करणं, लायब्ररी-प्रीलोड.जेएस हा गठ्ठा बांधणं, लेसमधून (ज्या भाषेत स्टाइल लिहितो ती) ब्राउझरला कळणारी सीएसएस काढणं, आवृत्ती आणि कॉपीराइटच्या जागा भरणं, हे सगळं ते न सांगता करतं. वेबपॅकला यातलं काहीच माहीत नाही. ते तुला एक मोठी फाइल बांधून देईल, आणि चालू असताना फ्रेमवर्क ज्या पत्त्यावर सीएसएस शोधायला जाईल तिथे काहीच नसेल.

तो पत्ता कसा तयार होतो ते समजून घे, कारण तुझा प्रश्न तिथेच आहे. यूआय५ मध्ये सगळ्या अ‍ॅपची मिळून एक सीएसएस नसते. प्रत्येक लायब्ररीची, प्रत्येक थीमसाठी वेगळी असते. ब्राउझरमध्ये अ‍ॅप सुरू झालं की फ्रेमवर्क बघतं की चालू थीम सॅप_होरायझन (सॅपची एक उजळ थीम) आहे आणि अमुक लायब्ररी लोड झालीय. मग ते तुझ्या लायब्ररीच्या नेमस्पेसखाली (म्हणजे टिंबांनी जोडलेल्या तिच्या पूर्ण नावाच्या फोल्डरांखाली) थीम्स, त्यात सॅप_होरायझन, त्यात लायब्ररी.सीएसएस अशी फाइल मागतं. वापरणाऱ्याने डार्क थीम घेतली की सॅप_होरायझन_डार्कमधली मागतं. फाइल असली तर रंग येतात, नसली तर ४०४. मधलं काही नाही. (कंट्रोलला स्वतःची स्टाइलच नसेल, नुसते डायलॉग असतील, तर लायब्ररी.जेएसमध्ये नोलायब्ररीसीएसएस ट्रू करून टाक, म्हणजे ती मागणीच होत नाही. तुझ्या वजनकाट्याला स्टाइल आहे, त्यामुळे तुला ही पळवाट नाही.)

ही सीएसएस बिल्डच्या वेळी लायब्ररी.सोर्स.लेसमधून तयार होते. 'यूआय५ सर्व्ह' तीच फाइल मागणी आल्यावर जागच्या जागी तयार करून देतं. म्हणून सर्व्हवर तुला सगळं दिसतं. सर्व्हवर दिसलं म्हणजे बिल्डमध्ये आलं, हा समज मात्र आधी टाकून दे.

आता त्या ४०४ कडे. अ‍ॅप बिल्ड झाल्यावर डिस्टमधलं (बिल्डचा माल पडतो ते फोल्डर) तुझ्या लायब्ररीचं थीम्स फोल्डर उघड. मी पैज लावते, आत बेस आणि सॅप_होरायझन दोन्ही असतील. बेसमध्ये लायब्ररी.सीएसएस असेल. सॅप_होरायझनमध्ये लायब्ररी.सोर्स.लेस असेल आणि सीएसएस नसेल. फोल्डर आहे, कच्चा माल आहे, पक्का माल नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा लेसमध्ये चूक शोधत अर्धा दिवस घालवला. लेस स्वच्छ होतं. टूलने त्याला हातच लावला नव्हता.

का नव्हता? कारण एकच लायब्ररी दोन भूमिकांत बांधली जाते. तू लायब्ररीच्या फोल्डरमध्ये उभा राहून बिल्ड चालवतोस तेव्हा ती घरची मालकीण असते, आणि टूल तिच्या झाडून सगळ्या थीम बांधतं. अ‍ॅपच्या फोल्डरमधून '--इन्क्लूड-डिपेंडन्सी' किंवा '--ऑल' लावून बिल्ड चालवतोस तेव्हा तीच लायब्ररी पाहुणी होते. पाहुणीच्या बाबतीत टूल आधी सॅप.यूआय.कोअरच्या (फ्रेमवर्कच्या मूळ लायब्ररीच्या) कोणत्या थीम प्रकल्पात हजर आहेत ते बघतं, आणि तेवढ्याच थीम तिच्यासाठी बांधतं. बेस कोअरच्या पोटातच असते, म्हणून ती बांधली गेली. होरायझन मात्र थीमलिब_सॅप_होरायझन या वेगळ्या पॅकेजमध्ये राहते. ते पॅकेज प्रकल्पात आलंच नाही, म्हणून होरायझन गपचूप वगळली गेली. एरर नाही, इशारा नाही. बिल्डला '--व्हर्बोज' लाव, मग कोणत्या थीम सापडल्या ते लॉगमध्ये दिसेल. होरायझनचं नाव त्यात नसणार.

"पण मी लायब्ररीच्या याम्लमध्ये थीमलिब लिहिलं आहे," असं तू म्हणशील. लिहिलं असशीलच, नाहीतर सर्व्हवरही होरायझन दिसली नसती. त्याच्याखाली काय लिहिलंस ते बघ. बहुधा 'डेव्हलपमेंट: ट्रू' असेल. फ्रेमवर्कच्या लायब्ऱ्यांपुढे दोन खुणा लावता येतात, आणि दोन्ही सारख्याच वाटतात. डेव्हलपमेंट म्हणजे मी मालक असेन तेव्हाच हे आणा, पाहुणी असेन तेव्हा याचं नावही काढू नका. ऑप्शनल म्हणजे मी मालक असेन तेव्हा आणाच, आणि पाहुणी असेन तेव्हा यजमानाकडे आधीच असेल तर मलाही द्या. थीमलिबला दुसरी खूण हवी. तेव्हा लायब्ररीच्या याम्लमध्ये थीमलिब_सॅप_होरायझनखालचा डेव्हलपमेंट काढून तिथे 'ऑप्शनल: ट्रू' लिही, आणि अ‍ॅपच्या याम्लमध्ये तेच थीमलिब कोणतीही खूण न लावता साधं लिही. हे दोन्ही लागतं. एकाच बाजूला लिहून भागत नाही. पुरणपोळी करायला घेतलीय खरी, पण पुरण यजमानाच्या घरी शिजलेलंच नसेल तर नुसत्या पोळ्या होतील.

हे दुरुस्त करताना अ‍ॅप आणि लायब्ररीची ओळख कुठे कुठे करून दिलीय तेही एकदा पडताळून घे. अ‍ॅपच्या पॅकेज.जेसनमध्ये लायब्ररी डिपेंडन्सी म्हणून हवी, नाहीतर टूलला ती दिसणार नाही. मॅनिफेस्ट.जेसनमध्ये सॅप.यूआय५ च्या लिब्समध्ये हवी, नाहीतर ब्राउझर ती मागणार नाही. पहिली राहिली तर बिल्ड चुकतं, दुसरी राहिली तर स्क्रीन. जुन्या ट्यूटोरियलमध्ये पॅकेज.जेसनच्या आत यूआय५ नावाची आणखी एक डिपेंडन्सीची यादी दिसेल. टूलच्या २०२३ च्या आवृत्ती ३ पासून तिची गरज नाही, ती काढून टाक.

इथपर्यंतचं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आता माझं मत, तू विचारलं नाहीस तरी. लायब्ररी अ‍ॅपच्या बिल्डमध्ये कोंबूच नकोस. सहा अ‍ॅप्स आहेत, म्हणजे एकाच वजनकाट्याच्या सहा प्रती सहा ठिकाणी जाणार, आणि एक दुरुस्ती सहा वेळा चढवावी लागणार. कॉपी-पेस्टमधून सुटायचं म्हणून लायब्ररी केलीस आणि परत तिथेच आलास. '--ऑल' तर त्याहून वाईट. ते सॅप.एम, सॅप.यूआय.कोअर असं फ्रेमवर्कही बांधून डिस्टमध्ये टाकतं, आणि सगळं जिथून उघडतं त्या तुझ्या लाँचपॅडवर ते आधीच आहे. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये बिल्ड चालव (तिथे ती मालकीण, सगळ्या थीम बांधल्या जातील), ती सर्व्हरवर एकदा स्वतंत्र चढव, आणि सहाही अ‍ॅप्सनी फक्त तिचा हवाला द्यावा.

स्वतंत्र चढवताना एक ठेच हमखास लागते. अ‍ॅपच्या डिस्टमध्ये मॅनिफेस्ट सर्वात वर असतं. लायब्ररीच्या डिस्टमध्ये वर रिसोर्सेस आणि टेस्ट-रिसोर्सेस अशी फोल्डरं असतात, आणि खरी लायब्ररी रिसोर्सेसच्या आत नेमस्पेसच्या दोन-तीन पायऱ्या खाली असते. डिस्ट आहे तसं एबॅप सर्व्हरवर (सॅपच्या सर्व्हरवर) चढवलंस तर लायब्ररी-प्रीलोड.जेएस चुकीच्या पायरीवर बसते. चढवणं यशस्वी झालं असं मेसेजही येतो, आणि चालत काहीच नाही. एक तर आतल्या फोल्डरपासून चढव, नाही तर 'यूआय५ बिल्ड --आउटपुट-स्टाइल फ्लॅट' चालव, मग टूल त्या पायऱ्या काढून टाकतं. हेही आवृत्ती ३ पासून आहे. आणि बीएसपीचं, म्हणजे त्या सर्व्हरवर लायब्ररी ज्या नावाने ठेवतात ते, नाव १५ अक्षरांत बसलं पाहिजे. लायब्ररीचं नाव कौतुकाने लांबलचक ठेवणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

आता लेस. हे मला सविस्तर सांगायचंय, कारण इथे लोक टूलला शिव्या देतात आणि दोष त्यांचाच असतो. यूआय५ ची लेस म्हणजे आजची लेस नव्हे. आत जे पॅकेज आहे ते लेस १.६.३ च्या फोर्कवर (वेगळ्या काढलेल्या प्रतीवर) चालतं. लेसच्या सध्याच्या कागदपत्रांत वाचलेली नवी सोय लिहिलीस तर ती चालणार नाही. पण चालत नाही हे तरी कळतं. खरा त्रास जिथे चालतं आणि चुकतं तिथे असतो. कॅल्क घे. रुंदी 'कॅल्क(१००% - २रेम)' लिहिलीस की नवी लेस ते ब्राउझरवर सोडते. ही जुनी लेस शाळेतल्या पोरासारखी लगेच हिशेब करते: शंभरातून दोन गेले, राहिले अठ्ठ्याण्णव. सीएसएसमध्ये ९८% पडतं. मोठ्या मॉनिटरवर फरक कळतही नाही. काट्याच्या केबिनमधल्या छोट्या टॅबलेटवर बटण आकड्यावर चढलं तेव्हा आमच्याकडे कळलं. उपाय जुनाच: आतला मजकूर अवतरणात घालून त्याच्या आधी टिल्डचं चिन्ह द्यायचं, म्हणजे लेस त्याला हात लावत नाही. सॅपच्या स्वतःच्या कंट्रोलांत ठिकठिकाणी असंच लिहिलेलं सापडेल.

दुसरी गोष्ट इम्पोर्टची. होरायझनच्या लेसमध्ये आधी स्वतःची बेस ओढायची, मग सॅप.यूआय.कोअरच्या होरायझनमधल्या बेस.लेस आणि ग्लोबल.लेस. पत्ता सापेक्ष असतो, टिंबटिंब-स्लॅश करत वर चढायचा. नेमस्पेस दोन शब्दांची असेल तर चार वेळा वर. तीन शब्दांची असेल तर पाच वेळा. नमुना दोन शब्दांचा असतो, कंपनीत हटकून तीन शब्द असतात, आणि मग फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड मोडतं. मोजून लिही.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: रंगांचे हेक्स कोड लिहू नकोस. एक भी नाही. एका कारखान्यात आम्ही हाच वजनाचा आकडा दाखवणारा डबा केला होता. घाईत मी अक्षरांचा रंग सरळ काळा लिहिला, कारण पार्श्वभूमी पांढरीच असणार ना! तिथले साहेब गुजराती, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "चालशे." पंधरा दिवस चाललंही. मग रात्रपाळीच्या काटेवाल्याने डोळ्यांना त्रास होतो म्हणून सॅप_होरायझन_डार्क लावली. पार्श्वभूमी थीमबरोबर काळी झाली, अक्षरं माझी, काळीच राहिली. गाडी काट्यावर, आकडा अंधारात. त्याने बिचाऱ्याने फोन केला, "बेन, वजन दिसत नाही," आणि मी त्याला काट्याची वायर बघायला सांगितली. आजही दांडिया बाजारातून येताना काट्याची पाटी दिसली की मला तो फोन आठवतो.

रंग नेहमी थीमच्या पॅरामीटरमधून घ्यायचे. साध्या अक्षरांना @सॅपयूआयबेसटेक्स्ट, चुकीच्या वजनाला @सॅपयूआयनिगेटिव्हटेक्स्ट, पार्श्वभूमीला @सॅपयूआयग्रुपकंटेंटबॅकग्राउंड. मग प्रत्येक थीमची लेस बेसमधले तेच नियम आपापल्या रंगांत भरते, आणि हाय कॉन्ट्रास्टही फुकटात मिळते. उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या भाषांसाठी लायब्ररी-आरटीएल.सीएसएसही टूल स्वतःच काढतं. ती बडोद्यात कोणी मागणार नाही, पण डिस्टमध्ये दिसली तर घाबरू नकोस, आणि कचरा समजून काढूही नकोस.

क्लासच्या नावांना लायब्ररीचं आद्याक्षर लाव. ही सीएसएस कोणत्याही कुंपणात नसते, तुझा 'बॉक्स' नावाचा क्लास अख्ख्या पानाला लागेल.

साहेबांच्या थीमबद्दल. आधी त्यांना विचार, नक्की काय हवंय. दहात नऊ वेळा उत्तर असतं: वर आपला लोगो आणि आपला निळा. एवढ्यासाठी सॅपचा यूआय थीम डिझायनर आहे, तिथे होरायझनवर आधारलेली थीम माउसने बनते. कोड लिहू नकोस. थीम-लायब्ररी हा प्रकार टूलमध्ये आहे आणि तो नीट चालतो, पण तो घेणं म्हणजे हत्ती पाळणं. त्यात कंट्रोल नसतात, नुसत्या थीम असतात, आणि अ‍ॅप जितक्या लायब्ऱ्या वापरतं तितक्यांसाठी तुझ्या थीमचं फोल्डर लागतं: सॅप.यूआय.कोअरसाठी, सॅप.एमसाठी, सॅप.यूआय.टेबलसाठी, सॅप.एफसाठी. एक राहिलं की त्या लायब्ररीची सगळी कंट्रोलं उघडी पडतात. शिवाय फ्रेमवर्कची आवृत्ती वाढली की सॅपने आपल्या लेसमध्ये केलेले बदल आणि तुझे बदल पुन्हा जुळवायचे. एक अख्खा माणूस फक्त डिझाइनवर बसवायची कंपनीची तयारी असेल तरच यात पड. पडलासच तर लक्षात ठेव, फ्लॅट आउटपुट या प्रकाराला चालत नाही, कारण आत एकापेक्षा जास्त नेमस्पेस असतात. आणि डिझायनर घेतलास तरी तुझ्या स्वतःच्या लायब्ररीसाठी त्या नव्या थीमची सीएसएस कुठून येणार हे पहिल्या दिवशीच ठरव. फ्रेमवर्क ती मागणारच.

आवृत्त्यांचं सांगायचं राहिलं. २०२४ मध्ये टूलची आवृत्ती ४ आली, तिला नोड २०.११ किंवा २२ च्या पुढचा लागतो. कारखान्याच्या मशिनवर जुना नोड असेल तर आधी तो बदल, टूलशी भांडत बसू नकोस. फ्रेमवर्कची आवृत्ती 'यूआय५ यूज'ने याम्लमध्ये पक्की लिहून घे, आणि ती सर्व्हरवर आहे तीच असू दे, त्याहून नवी नको. एकदा उतरवलेली पॅकेजं होम फोल्डरमधल्या .यूआय५ मध्ये राहतात आणि पुढच्या वेळी तिथूनच घेतली जातात. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, आमच्या भागात नेट गेलं, आणि मी तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर बिल्ड करू शकले ते या फोल्डरमुळे. माझ्या सहकाऱ्याने आदल्याच आठवड्यात "जागा खातंय" म्हणून ते साफ केलं होतं. त्याने तीन दिवस मेणबत्तीच्या उजेडात पत्ते खेळले.

लायब्ररी आणि अ‍ॅप एकाच वेळी बदलत असशील तर एनपीएम लिंकच्या (पॅकेजऐवजी शेजारचं फोल्डर जोडणारी कमांड) नादी लागू नकोस. अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये यूआय५-वर्कस्पेस.याम्ल ठेव आणि त्यात लायब्ररीचा शेजारचा पत्ता दे. टूल रजिस्ट्रीतली प्रत सोडून शेजारची घेतं. सर्व्ह चालू असताना कन्सोलमध्ये तुझ्याच लायब्ररीच्या प्रीलोडसमोर ४०४ दिसेल. तो खरा ४०४ नव्हे, डेव्हलपमेंटमध्ये गठ्ठा बांधलेलाच नसतो, फाइली सुट्या जातात. चढवलेल्या अ‍ॅपमध्ये दिसला तर मात्र पायरी चुकली आहे, वरचं फ्लॅटचं बघ.

आता आधी तो एक शब्द बदल, अ‍ॅपच्या याम्लमध्ये थीमलिब घाल, डिस्ट पुसून बिल्ड कर आणि सॅप_होरायझनमधली लायब्ररी.सीएसएस एडिटरमध्ये उघड. आत कॅल्क शोध. एक तरी ९८% सापडेल असं मला वाटतं. तरीही सीएसएस तयार झाली नाही तर '--व्हर्बोज'च्या लॉगमधला थीमचा भाग आणि दोन्ही याम्ल मला पाठव. शनिवारी दुपारनंतर बघते, सकाळी घरी सेव-उसळीला पाहुणे आहेत.